सुरतेहून मालवणच्या समुद्रतळापर्यंत : एका छोट्या सहलीची आखणी

सुरत शहरात मराठी भाषिकांची वस्ती मोठी आहे. नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागाच्या व कापडाच्या धंद्यात कामासाठी आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली अशा भागांत दोन-तीन पिढ्यांपासून स्थायिक झालेली असून त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. या कुटुंबांची सहल पूर्वी बहुधा सप्तशृंगगड, शिर्डी किंवा गावाकडील यात्रा यांपुरतीच मर्यादित असे. अलीकडे मात्र समुद्राच्या तळाशी उतरून प्रवाळ व मासे प्रत्यक्ष पाहावेत, म्हणजेच ज्यास स्कूबा डायव्हिंग म्हणतात ते करून यावे, अशी हौस तरुणांत, शिक्षकांत आणि नोकरदार वर्गातही वाढलेली दिसते. या हौसेला तीन-चार दिवसांची सवड आणि बेताचा खर्च यांत कसे बसवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा सहलीत प्रवास, निवास, भोजन यांत तीन-चार दिवस जात असले तरी नवख्या मनुष्याचा पाण्याखालील वेळ जेमतेम पंधरा मिनिटे ते अर्धा तास एवढाच असतो. तो अल्पसा वेळ सुखरूप व समाधानाचा जावा यासाठी बाकीचे सर्व दिवस आखावे लागतात. बहुतेक मंडळी नेमके याच्या उलट करतात. गाडीचे आरक्षण, हॉटेल, देवदर्शन व खरेदी ही सर्व आधी ठरते आणि समुद्राच्या वाट्याला उरलेली एखादी घाईची दुपार येते.

समुद्र कोणता निवडावा?

सुरतकरांस समुद्र काही परका नाही. डुमसचा किनारा शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. परंतु खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो. भावनगरजवळ तो दहा मीटरच्याही पुढे जातो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होत असल्याने तळाचा गाळ सतत ढवळलेला राहतो. शिवाय तापी, नर्मदा, मही, साबरमती या नद्यांची माती त्यात मिसळते. अशा पाण्यात हातभर अंतरावरचेही दिसत नाही आणि प्रकाशावाचून प्रवाळही वाढत नाही. म्हणून डुमसला सूर्यास्त पाहावा, पाण्याखाली पाहण्यासाठी मात्र दूर जावे लागते.

गुजरातमध्येच द्वारकेजवळ शिवराजपूर येथे ही सोय झाली आहे. जामनगरजवळील नरारा येथे तर ओहोटीच्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यातून चालत प्रवाळ पाहता येतात. १९८२ साली घोषित झालेल्या कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग आहे. लहान मुलांची शालेय सहल न्यावयाची असेल तर शिक्षकांनी नराराचाच विचार करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अंदमानचे पाणी सर्वांत निर्मळ खरे, पण तेथील प्रवास व खर्च छोट्या सहलीच्या आटोक्यातील नव्हे. मुलूख आपला, बोली कळणारी आणि रेल्वेने एका रात्रीत पोहोचता येण्याजोगे असे ठिकाण पाहू गेल्यास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण व त्यालगतचे तारकर्ली हेच सोयीचे ठरते.

सुरत आणि मालवण यांचा एक जुना संबंध येथे सहज आठवतो. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ती जानेवारी १६६४ मध्ये, आणि मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला गेला तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात. सुरतेत मिळालेले द्रव्य या किल्ल्याच्या कामी आले, असे परंपरेने मानले जाते. आज त्याच किल्ल्याच्या तटाभोवतालच्या उथळ खडकांवर प्रवाळांची वस्ती असून बहुतेक पर्यटकांची पहिली बुडी याच परिसरात होते.

पाण्याखालचा श्वास

स्कूबा म्हणजे पाण्याखाली स्वतःबरोबर वाहून नेता येईल असे श्वसनयंत्र. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी त्यास आजचे सुटसुटीत स्वरूप दिले. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू भरलेला असतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. त्यात आपण एरवी घेतो तीच साधी हवा गाळून, कोरडी करून व दाबून भरलेली असते. बारा लिटरच्या नळकांड्यात वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाबाने हवा भरली म्हणजे ती चोवीसशे लिटर होते. नळकांड्याला जोडलेले नियामक यंत्र ही हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून तोंडात सोडते. त्यामुळे खोल पाण्यातही छातीला श्वास घेणे जड जात नाही.

आता हा हिशेब पाहावा. समुद्रसपाटीवर आपल्यावर हवेचा एक वातावरण दाब असतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीला त्यात आणखी एकाची भर पडते. कोळी बांधव खोली वावात मोजतात. त्यांच्या मापाने दहा मीटर म्हणजे सुमारे साडेपाच वाव. या खोलीवर दाब दुप्पट होतो, हवेचे आकारमान निम्मे होते आणि प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्ची पडते. अनुभवी पाणबुड्या पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल, तर दहा मीटरवर त्याला चाळीस लिटर लागेल. चोवीसशे लिटरपैकी पाव भाग नेहमी राखून ठेवावयाचा असतो. उरलेल्या अठराशे लिटरमध्ये त्याची पंचेचाळीस मिनिटे जातील. नवखा मनुष्य धास्तीने भराभर श्वास घेतो; मिनिटाला तीस लिटरच्या हिशेबाने त्याची हवा तीस मिनिटांतच संपते. म्हणून पाण्याखाली संथपणे वागणे हाच वेळ वाढविण्याचा उपाय होय.

शाळेत हे समजावून देणे अगदी सोपे आहे. पाण्याने भरलेल्या बादलीत रिकामा पेला उपडा दाबून खाली न्यावा. पेल्यातील पाणी थोडेसे वर चढलेले दिसते, म्हणजेच आतील हवा आक्रसते. विहीर जवळ असेल तर उपड्या बाटलीला वजन व दोरी बांधून हा प्रयोग अधिक ठळकपणे करता येईल. मुलांना मात्र काठापासून दूर उभे करावे.

दाबाच्या या नियमातूनच शरीराला होणारे त्रास उद्भवतात. पहिला त्रास कानांचा. कानाच्या पडद्यामागे हवेची पोकळी असते. खाली जाताना ती दबते व कान दुखू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर दिली म्हणजे घशाकडून हवा आत जाऊन दाब सारखा होतो. दुखू लागण्यापूर्वीच, दर हात-दीड हात खोलीला हे करावयाचे असते. सर्दी झालेली असेल तर ही वाट बंद होते. अशा वेळी सहल कितीही महाग पडलेली असो, बुडी घेऊ नये. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट फुगून फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून नियम एकच, आणि तो बोटीवर चढण्यापूर्वीच प्रत्येकाने घोकून ठेवावा : पाण्याखाली श्वास कधीही कोंडावयाचा नाही, आणि वर येताना घाई करावयाची नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरहून कमी ठेवतात.

दमा, हृदयविकार, फेफरे, कानाची शस्त्रक्रिया, छातीचे जुने दुखणे यांपैकी काही असेल तर सुरतेहून निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गरोदर स्त्रियांनी बुडी घेऊच नये. वर्षानुवर्षे लूमच्या किंवा अन्य धुळीच्या कामात असलेल्यांनी छाती तपासून घेणे विशेष अगत्याचे आहे. बोटीवर भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्यपत्रकात सर्व रकान्यांपुढे न वाचता ‘नाही’ लिहून मोकळे होणारे लोक आढळतात. ते पत्रक म्हणजे कार्यालयातील उपचार नव्हे. त्यावरूनच प्रशिक्षक तुमची खोली ठरवितो.

पोहता न येणाऱ्यासही प्रशिक्षकाच्या हाताला धरून उथळ पाण्यात परिचयाची बुडी घेता येते. तथापि नाका-डोळ्यांवर काच बांधून तोंडाने श्वास घेण्याची सवय आधी झालेली असेल तर घाबरगुंडी उडत नाही. सुरत महानगरपालिकेचे तरणतलाव आहेत. निघण्यापूर्वी पंधरवडाभर तेथे सराव केला तर मालवणचा अर्धा तास पूर्ण कारणी लागतो. ज्यांना स्वतंत्रपणे, म्हणजे जोडीदारासह अठरा मीटरपर्यंत बुडी घेण्याचा परवाना हवा असेल त्यांना तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्यासाठी पोहता येणे आवश्यक असते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे या विषयाची प्रशिक्षण संस्था उभारली आहे. दहा वर्षांखालील मुलांस मात्र समुद्रात बुडी देत नाहीत.

पंचांग पाहून निघावे

मालवणचा समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो; साधारणतः मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. त्यानंतरही नद्यांचे गढूळ पाणी निवळण्यास काही काळ जावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. सुदैवाने सुरतेतील शाळांची, हिऱ्यांच्या कारखान्यांची आणि कापड बाजाराची मोठी सुट्टी दिवाळीच्याच सुमारास येते.

परंतु दिवाळीतील नेमके कोणते दिवस? येथे पंचांग उपयोगी पडते. अमावास्या व पौर्णिमेला उधाणाची भरती असते, प्रवाह जोरात वाहतो आणि पाणी गढूळते. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांगाचे पाणी येते, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक सर्वांत कमी होतो व पाणी निवळते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना ठोकताळाही सर्वांना ठाऊक असावा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरती सुमारे किती वाजता पूर्ण होईल ते कळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. याचा अर्थ असा की दशमी ते द्वादशी या दिवसांत भांगाचे पाणी आणि सकाळची भरती हे दोन्ही योग जुळतात. सकाळी वाराही पडलेला असतो.

लक्ष्मीपूजन तर अमावास्येलाच येते. भाऊबीज आटोपून लगेच धावणाऱ्यांना उधाण आणि गर्दी दोन्ही भेटतात. त्याऐवजी घरचे सण शांतपणे करून कार्तिक शुद्ध नवमीच्या सुमारास पोहोचावे व एकादशी-द्वादशीच्या सकाळी बुडी घ्यावी. शाळांची सुट्टी तोपर्यंत बहुधा चालू असते. ज्यांचा कारखाना लाभपंचमीला उघडतो त्यांना हे जमणार नाही. त्यांनी डिसेंबर-जानेवारीतील शनिवार-रविवारला जोडून येणारी दशमी-एकादशी शोधावी. अर्थात हा ठोकताळा आहे. अंतिम शब्द भरतीच्या छापील तक्त्याचा आणि त्या दिवशी पाण्याकडे पाहून बोलणाऱ्या स्थानिक नाखव्याचा.

नाखवा ‘आज नको’ म्हणाला तर काय करावयाचे, याची तजवीज आखणीतच असली पाहिजे. म्हणून मालवणात दोन सकाळी हाती ठेवाव्यात. पहिली बुडीची, दुसरी राखीव. पहिल्याच दिवशी बुडी झाली तर दुसरी सकाळ किल्ला पाहण्यात सत्कारणी लागते. एकच सकाळ हाती असलेला पर्यटक दराचे व वाऱ्याचे भान विसरून ‘कसेही करून न्या’ असा आग्रह धरतो, आणि अपघाताचे बीज तेथेच पडते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग आटोपून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर. हंगाम संपता संपता, वारे बदलण्याच्या दिवसांत समुद्रात जाणे टाळलेले बरे.

बोट ठरविताना दर विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. बोटीस सागरी मंडळाचा परवाना आहे काय व किती माणसांचा? जाकिटे सर्वांना पुरतील एवढी आहेत काय? पाण्यात प्रत्येक नवख्यामागे एक प्रशिक्षक असेल काय व त्याचे प्रमाणपत्र पाहावयास मिळेल काय? प्रथमोपचाराचा प्राणवायू बोटीवर आहे काय? चांगल्या व्यावसायिकास असे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही. जाकीट बोटीत बसल्याबरोबर अंगात घालावे. छायाचित्रासाठी ते काढून ठेवण्याची खोड फार वाईट.

प्रवाळांचे घर

पाण्याखाली गेल्यावर दिसते काय? मालवणचे पाणी अंदमानसारखे स्फटिकासमान नाही. काही मीटरपर्यंत स्वच्छ दिसले तरी दिवस चांगला समजावा. त्या हिरवट उजेडात खडकाला बिलगलेली प्रवाळे, पोपटी रंगाचे चोचीसारख्या तोंडाचे मासे, फुलपाखरी माशांच्या जोड्या, कपारीतून डोकावणारा गोबरा असा संसार दिसतो. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सूक्ष्म प्राण्यांचे समूह असून त्यांच्या शरीरात राहणारी शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. पाणी फार तापले म्हणजे ही शैवले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०२४ मध्ये जगभरच्या समुद्रांत असे मोठ्या प्रमाणावर घडल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. प्रवाळाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर. पर्यटकाने छायाचित्रासाठी एकदा पाय टेकला की कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते.

मालवणचा हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून किल्ला व पद्मगड यांच्या भोवतालचा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र आहे. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला, आणि त्यांची भीती समजून घेण्याजोगी होती. रापण ओढून जगणाऱ्या कुटुंबाला समुद्र हेच शेत असते. पुढे याच गावांतील अनेक तरुण प्रशिक्षक, नावाडी व घरगुती निवासाचे चालक झाले. प्रवाळ टिकले तरच पर्यटक येणार, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. तथापि माशांना जवळ आणण्यासाठी पाव-बिस्किटे टाकण्याची प्रथा काही ठिकाणी पडली आहे. पर्यटकांनी ‘आम्हाला खाऊ घालावयाचे नाही’ असे आधीच सांगितले तर ती लवकर मोडेल. प्रवाळ तोडणे किंवा बाळगणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, हेही ध्यानी असावे.

याबाबत कॅरिबियन समुद्रातील बोनेर या छोट्या बेटाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरील हे बेट नेदरलँड्सच्या अखत्यारीत असून तेथे केवळ बुडी घेण्यासाठी दूरदूरचे पर्यटक येतात. १९७१ सालीच तेथे पाण्याखाली भाल्याने मासे मारण्यास बंदी झाली आणि १९७९ साली बेटाभोवतीचा समुद्र सागरी उद्यान झाला. १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून उद्यानाच्या रक्षणासाठी शुल्क घेतले जाते. कितीही अनुभवी मनुष्य असो, त्याला तेथे पहिली बुडी ओळखीची म्हणून एका ठरावीक जागी घ्यावी लागते, आणि हातमोजे घालण्यास मनाई असते. कारण हात उघडे असले की माणूस प्रवाळाला धरावयास धजत नाही. या शेवटच्या नियमातील व्यवहारज्ञान आपल्याकडील अधिकाऱ्यांनी व बोटचालकांनी अवश्य घ्यावे. त्यास खर्च काहीच येत नाही.

कोकण किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळपठार आहे; कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्यास हे नाव पडले. त्याची वर्णने ऐकून तेथे जाण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, परंतु ते छोट्या सहलीचे काम नव्हे.

जाणे व परतणे

सुरतेहून वसई, पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्या आहेत. अंतर सुमारे सातशे किलोमीटर. आपली गाडी कणकवली, सिंधुदुर्ग की कुडाळ येथे थांबते हे आधी पाहून घ्यावे, कारण सर्वच गाड्या सर्व स्थानकांवर थांबत नाहीत. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर असून पुढे तारकर्ली सहा-सात किलोमीटर आहे. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. दिवाळीच्या दिवसांसाठी ते त्याच दिवशी करावे. राहण्यासाठी गावातील घरगुती निवास बरा. तेथे सोलकढी-भाकरी मिळते आणि उद्याच्या पाण्याची बातमीही. पोहोचल्याच्या दिवशी बुडी घेऊ नये. रात्रभराच्या प्रवासाने थकलेले शरीर व अपुरी झोप पाण्यात नडते. बुडीच्या आदल्या रात्री मद्य वर्ज्य, सकाळी हलका नाश्ता.

परतीचा मार्गही बुडीशी निगडित आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पाण्याखाली दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. तो पुरता बाहेर पडण्यापूर्वी माणूस उंचावर, विरळ हवेत गेला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरपणा व क्वचित लकवाही होऊ शकतो. म्हणून एका बुडीनंतर किमान बारा तास व अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. मोपा विमानतळावरून उडणाऱ्यांनी हा हिशेब करूनच तिकीट काढावे. आंबोलीचा घाट समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच जातो. ज्यांनी प्रशिक्षण घेऊन एका दिवसात खोल पाण्यात अनेक बुड्या घेतल्या असतील त्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढून बेळगाव-कोल्हापूरकडे निघू नये. एक रात्र खालीच काढावी. कोकण रेल्वेने सुरतेस परतणाऱ्यांची वाट मात्र बव्हंशी किनाऱ्यालगत सखल भागातून जाते, आणि या एका बाबतीत गाडी विमानापेक्षा निर्धोक ठरते. घरी आल्यावर कान दोन दिवसांनंतरही दडलेला वाटला, किंवा हातपायांस मुंग्या येत राहिल्या, तर डॉक्टरांकडे जावे आणि आपण समुद्रात किती खोल व किती वेळ होतो, हे न विसरता सांगावे.